परक्या गावाचा शेजार

आपल्याकडे शेजारधर्माची एक जुनी रीत आहे. शेजारच्या घरून वाटीभर काही गोडधोड आले, तर ती वाटी रिकामी परत जात नाही. घरात दुसरे काही नसले तर चिमूटभर साखर तरी तीत पडते. लहानपणी ही रीत आपण पाहतो, पाळतो, आणि पुढे तिच्याकडे केवळ शिष्टाचार म्हणून पाहू लागतो. परंतु थोडा विचार केला तर तीत समाजजीवनाचे एक मोठे मर्म साठविलेले दिसेल. ज्याच्या घरी वाटी नेहमी भरून येते आणि ज्याला परत काहीच देता येत नाही, तो शेजारी राहत नाही. तो आश्रित होतो. उलट जो सदा देतच असतो आणि कोणाचे काही घेत नाही, तोही शेजारी राहत नाही. तो दाता होतो. दाता आणि आश्रित यांच्यामध्ये व्यवहार घडतो, उपकार घडतात. शेजार मात्र घडत नाही.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे त्याच्याशी ह्या वाटीचा निकटचा संबंध आहे. स्वदेश सोडून परक्या मुलुखात सेवेसाठी जाणारी माणसे पूर्वीही होती आणि आजही आहेत. कोणी डॉक्टर म्हणून जातो, कोणी शिक्षक म्हणून, कोणी नुसते दोन हात घेऊन जातो. पुष्कळदा त्यांचे काम चांगले होते. विहीर खणली जाते, शाळा बांधली जाते, रोगी बरे होतात. तथापि परत आल्यावर त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात एक खंत राहून गेलेली असते. गावाने आदर केला, आभार मानले, निरोपाच्या वेळी हारही घातले. पण गावाने आपल्याला आपले मानले नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या सर्वांची सर्वांशी ओळख आहे, जेथे प्रत्येक दारामागे नात्यागोत्याचे धागे गुंतलेले आहेत, अशा घट्ट वस्तीत परका माणूस प्रवेश करतो तो कोणत्या दाराने?

नुसत्या सदिच्छेने ते दार उघडत नाही, ह्याचे एक उदाहरण प्रथम सांगतो. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० सालच्या हिवाळ्यात, पियेर सेरेसोल नावाचा एक स्विस एंजिनियर मोजके सोबती घेऊन फ्रान्समधील व्हर्दून शहराजवळच्या एन नावाच्या खेड्यात गेला. तोफांच्या माऱ्याने ते खेडे उद्ध्वस्त झाले होते. ह्या मंडळींनी राहण्यापुरत्या लाकडी झोपड्या उभारल्या, गोळ्यांनी पडलेले खड्डे बुजविले, रस्ते दुरुस्त केले. हेतू असा, की कालपर्यंत एकमेकांचे वैरी असलेल्या राष्ट्रांतील माणसांनी एकत्र येऊन राबावे. म्हणून त्या तुकडीत जर्मन तरुणही होते. हेतू किती उदात्त! परंतु ज्या घरातला कर्ता मुलगा जर्मन गोळीने पडला, त्या घरासमोर जर्मन तरुणाने कुदळ घेऊन उभे राहावे, हे पाहावयास गावाचे मन अद्याप तयार नव्हते. अधिकाऱ्यांच्या मनातही संशय होता. सुमारे पाच महिन्यांत ते काम आवरते घ्यावे लागले.

ह्यात दोष कोणाचा, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दु:ख ताजे होते, आणि दु:खाला आपला वेळ लागतो. सेरेसोलने मात्र खचून न जाता ते कार्य चालू ठेविले. १९३४ च्या जानेवारीत बिहारात भूकंपाने हाहा:कार उडविला, तेव्हा हाच मनुष्य स्वित्झर्लंडहून आपल्या देशात आला आणि मुजफ्फरपूरकडच्या पूरग्रस्त गावांची घरे उंच जागी नव्याने बांधण्याच्या कामी आपल्या सोबत्यांसह राबला. वय पन्नाशीच्या पुढे, हवा न मानवणारी, भाषा अनोळखी. पहिल्या प्रयत्नातील अपयश पदरी बांधून जो दुसऱ्यांदा निघतो, त्याची सेवा अधिक नम्र झालेली असते.

आता आपल्या घरच्या माणसाकडे वळू. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव बहुतेकांस ठाऊक आहे. १९४६ साली त्यांच्यावर निघालेला बोलपटही पुष्कळांनी पाहिला असेल. पण बोलपटातील वीरपुरुष जरा बाजूस ठेवून एका प्रश्नापुरतेच त्यांच्याकडे पाहावे, असे मला वाटते. सोलापूरचा एक तरुण चीनमधील एका डोंगराळ खेड्याचा रहिवासी कसा झाला?

जन्म १९१० सालचा. शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात झालेले. १९३८ साली चीनवर जपानी आक्रमणाचा वणवा पेटलेला असताना चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी जमली, आणि पाच डॉक्टरांचे एक पथक निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे कोटणीस. हे त्या वेळी पुढील परीक्षेच्या अभ्यासात गुंतलेले, वय अवघे सत्तावीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या धक्क्यावरून त्यांची बोट सुटली.

चीनमध्ये गेल्यावर ह्या पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडलेले होते. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दिहुआ. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडील चाल आठवली म्हणजे ह्या नव्या नावाचा अर्थ कळतो. नाव देणे म्हणजे घरात घेणे. परंतु नाव मिळाले म्हणून माणूस घरचा होत नाही. घरचा होण्याची ती फक्त परवानगी असते. पुढचे ज्याचे त्याने करावयाचे असते.

येनानला पोहोचण्यापूर्वीच त्यांची कसोटी लागली. चुंगकिंग येथे असता सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. घरी विधवा आई, भावंडे. परत जाण्यास ह्याहून सबळ कारण कोणते? सोबत्यांनीही परत जाण्याविषयी सुचविले. कोटणीस परतले नाहीत. श्रोतेहो, ह्या ठिकाणी आपण सहज म्हणून जातो, की केवढा हा त्याग! परंतु हा त्याग एकट्याचा नव्हता. त्याची अर्धी किंमत सोलापुरातील एका घराने मोजली. परक्या गावाशी जोडलेल्या प्रत्येक नात्यामागे स्वगृहीचे एखादे नाते ताणले जाते, ही गोष्ट सेवेची स्तुती करताना आपण बहुधा विसरतो. जो जातो त्याची नोंद होते. जे वाट पाहतात त्यांची होत नाही. म्हणून कोटणीसांच्या मातोश्रींचे स्मरण मी येथे मुद्दाम करतो.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. पुढे एकेक करून अन्य मंडळी परतली. कोणाची प्रकृती, कोणाचे वय, कोणाची अन्य कर्तव्ये. ह्यांत कोणाचेही न्यून मानण्याचे कारण नाही. मागे राहिले बसू आणि कोटणीस. कोटणीस उत्तर चीनमधील रणक्षेत्राकडे गेले. १९४० च्या मोठ्या मोहिमेत आठशेहून अधिक जखमी त्यांच्या हाताखालून गेले आणि पाचशे अठ्ठावन्न शस्त्रक्रिया त्यांनी केल्या, अशी नोंद आहे. १९४१ च्या आरंभी कॅनडाचे दिवंगत शल्यविशारद डॉ. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची प्रमुख म्हणून जबाबदारी त्यांच्यावर आली. हे रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. हेबै प्रांतातील तांग तालुक्यात, गेगोंग नावाच्या खेड्याच्या आश्रयाने, खेडुतांच्याच घरांतून ते चालत असे.

येथे आपल्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू मिळू लागते. पहिली गोष्ट भाषेची. कोटणीसांनी चिनी भाषा केवळ कामापुरती शिकून ठेविली नाही. ते ती बोलू लागले, मग वाचू लागले, लिहू लागले; शेवटी त्या भाषेतून विद्यार्थ्यांस शल्यशास्त्र शिकवू लागले आणि त्याच भाषेत पाठ्यपुस्तक लिहावयास बसले. परक्याची भाषा शिकणे म्हणजे काही काळ मूल होणे होय. मोठ्या पदवीच्या डॉक्टराने चुकीचा स्वर लावावा आणि पोराटोरांनी हसून तो सुधारावा! स्वर चुकला की शब्दाचा अर्थच बदलावा, अशी ती भाषा आहे. पण ज्या क्षणी गावातील माणूस डॉक्टरला काही शिकवितो, त्या क्षणी वाटी उलट दिशेने भरून जाते. आतापर्यंत जो घेणारा होता तो देणारा होतो. लाज गिळून ज्याला असे शिकता येते त्यालाच हे दार उघडते.

दुसरी गोष्ट अन्नाची. त्या भागात तेव्हा धान्याची टंचाई होती. परदेशी डॉक्टर म्हणून निराळे, बरे अन्न देण्याची इतरांची तयारी असूनही ते नाकारून जे इतर खातात तेच कोटणीस खात, असे त्यांच्या सहवासातील लोकांनी सांगून ठेविले आहे. ह्यात केवळ साधेपणा नाही. पंक्तीला बसून निराळ्या ताटात जेवणारा पाहुणा कितीही सज्जन असला तरी पाहुणाच राहतो.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. तेथील सैनिक आणि गावकरी त्यांना 'लाव के' म्हणत, म्हणजे आपल्या बोलीत 'आमचे के' किंवा 'के बुवा' म्हणावे तसे. आणखी एक नाव प्रेमाने पडले होते, असे सांगतात. ते म्हणजे 'काळी आई'. त्यांचा सावळा वर्ण आणि रुग्णांची शुश्रूषा करण्याची मायाळू रीत ह्यांवरून ते नाव पडले. मराठी माणसाच्या कानाला हे शब्द पडताच काय आठवते? आपला शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो! गेगोंगच्या शेतकऱ्यांना हे ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु ज्या नावाने सोलापूरचा कुणबी आपल्या भुईला हाक मारतो, त्याच अर्थाच्या नावाने त्यांनी सोलापूरच्या ह्या डॉक्टरला हाक मारली. आदराची पदवी वरून मिळते. असे टोपणनाव शेजारीच देऊ शकतात.

पुढे १९४१ साली को छिंगलान ह्या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे हिंदुस्थान, 'हुआ' म्हणजे चीन. दरम्यान कोटणीसांस अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जावे असे सुचविले गेले, तरी त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. पुस्तक अपुरे राहिले. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

प्रत्येकाने असे आयुष्य वेचावे, असे कोणी म्हणणार नाही आणि कोणी मागूही नये. ते युद्ध होते, तो काळ निराळा होता. आज आपल्याकडील तरुण-तरुणी काही आठवडे, काही महिने परदेशांतील वस्त्यांत सेवेसाठी जातात. त्यांनी वर्षानुवर्षे राहावे कसे? परंतु मुदत थोडी असली तरी वृत्ती तीच ठेवता येते. पोहोचल्याबरोबर कामाची यादी पुढे न करता गावाने आजवर काय केले आहे ते आधी विचारावे. कोणी चहाला बोलाविले तर वेळ नाही म्हणू नये, कारण त्या वेळी यजमान काही देत असतो, आणि त्याचा देण्याचा हक्क आपण हिरावून घेत असतो. चूक झाली तर गावाच्या देखत कबूल करावी. ज्या वडीलधाऱ्यांच्या शब्दाने गाव चालते त्यांना वगळून तरुणांशी परस्पर संधान बांधू नये. आणि न पाळता येण्याजोगे वचन देऊ नये. 'पुढल्या वर्षी येतो' हे वाक्य पाहुणा सहज बोलून जातो. पण त्या वाक्यावर एखादे मूल वर्षभर दाराशी उभे राहते.

कोटणीसांच्या कथेचा शेवट त्यांच्या मृत्यूपाशी होत नाही. त्यांची समाधी पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत उभारण्यात आली, आणि पितरांच्या स्मरणाच्या चिनी सणाला तेथे आजही फुले वाहिली जातात. श्रीमती को छिंगलान २०१२ साली निवर्तल्या. त्यापूर्वी त्या अनेकदा भारतात आल्या आणि आपल्या सासरच्या माणसांना भेटून गेल्या. दोन्ही राज्यांचे संबंध ह्या काळात कधी गोड, कधी अतिशय कडू झाले. १९६२ साली तर युद्धही झाले. सरकारांच्या भांडणात वाटी फुटण्याची पाळी अनेकदा आली. परंतु एका सुनेने आपल्या सासरचा उंबरठा सोडला नाही.

१९३८ साली एका गरीब, परतंत्र देशाने आपल्या वाटीत होते ते शेजाऱ्याला पाठविले. ती वाटी रिकामी परत आली नाही. परक्या गावी जाण्यास निघालेल्या प्रत्येकाने एवढे लक्षात ठेवावे, की आपण देण्यासाठी निघालो आहो हे खरे. पण घेण्याची तयारी नसेल, तर घरीच राहिलेले बरे.