बधिरतेची उपेक्षा



दाढ ठणकू लागली म्हणजे उजाडेपर्यंतही आपल्याला धीर धरवत नाही. परंतु पायाला सारख्या मुंग्या येतात, वहाण निसटली तरी कळत नाही, म्हणून डॉक्टरकडे कितीजण जातात? ‘वात असेल’ म्हणायचे, तेल चोळायचे आणि स्वस्थ बसायचे, हा आपला परिपाठ! वेदना ओरडते, तिला दाद मिळते; बधिरता मुकी, म्हणून ती उपेक्षित राहते.

मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात. खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी मुंग्या येतात. शाकाहारी मंडळींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे जंतू हान्सेनने १८७३ साली शोधले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधयोजनेची शिफारस केली. सरकारी दवाखान्यात ती औषधे मोफत मिळतात. मग लाज कशाची? उशिरा गेल्यास रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना परत येईलच असे नाही.

तेव्हा बधिरता कधी, कोठे सुरू झाली, कोणती औषधे चालू आहेत, हे टिपून डॉक्टरांना दाखवा. उपाय लागू पडला नाही, तर संकोच न करता पुन्हा जा. मात्र एकाएकी तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर टिपणे करीत बसू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

पाय मुका झाला, तर त्याचे गाऱ्हाणे आपणच मांडले पाहिजे.