पिशवीचे तोंड : पुरुषांनीही समजून घ्यावे असे काही

(बेंगळूर येथील रेल्वे वसाहतीत मराठी भाषक सभासद व त्यांच्या कुटुंबीयांच्या सभेत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा आमच्याच कार्यकारिणीतल्या दोघा-तिघांनी विचारले, सेक्रेटरीसाहेब, हा विषय डॉक्टरीणबाईंचा, तुम्ही कशाला बोलता? प्रश्न रास्त आहे. आम्ही मॅट्रिक. पगार, बदली, ओव्हरटाइम, चार्जशीट एवढे आम्हांला कळते. पण एक प्रकरण आमच्या हातून निसटले, आणि ते निसटले याचे कारण हा विषय आम्हांला ठाऊक नव्हता. म्हणून इस्पितळातून निवृत्त झालेल्या आपल्या सिस्टरकडे आम्ही चार रविवार जाऊन बसलो. त्या समोरच बसल्या आहेत. चुकलो तर टोकतील.

आधी ते प्रकरण. वडिलांच्या जागी नोकरीला लागलेली, रुळावर काम करणारी एक भगिनी. पाचवा महिना चालू होता. ती युनियनच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, हलके काम मिळेल का बघा. त्या वेळी खोलीत आम्ही सहा पुरुष. आम्ही विचारले, काय त्रास होतो? ती म्हणाली, काही नाही, जड वाटते. आम्ही म्हणालो, अर्ज लिहून आण, सोबत डॉक्टरची चिठ्ठी आण, मग बोलू. ती गेली. चार दिवसांनी कळले की रात्री कळा फारशा न येताच मूल पडले. अंगावरून पातळ जात होते, ओटीपोटावर दाब येत होता, हे तिने घरी सासूला सांगितले होते. कळा नाहीत ना, मग काही नाही, असे सासू म्हणाली. आम्हांला तर तिने सांगितलेच नाही. सहा पुरुषांसमोर ती काय सांगणार?

त्या कामामुळेच असे झाले, असे आम्ही म्हणत नाही. सिस्टरही म्हणत नाहीत. पण त्या दिवशी तिला पहार देण्याऐवजी इस्पितळाची वाट दाखवायला हवी होती, एवढे तरी आम्हांला आज कळते.

आता पिशवीच्या तोंडाविषयी. गर्भपिशवीला खालच्या बाजूला जो मानेसारखा भाग असतो त्याला डॉक्टर गर्भाशयमुख म्हणतात, आपल्या घरात पिशवीचे तोंड म्हणतात. लांबी साधारण तीन ते चार सेंटिमीटर. पिशवी स्वतः स्नायूची, पण हे तोंड मुख्यतः चिवट तंतूंचे. चामडे ज्या पदार्थाचे असते तोच हा पदार्थ, कोलॅजन. नऊ महिने वरून वजन वाढत जाते आणि हे तोंड ते पेलून बंद राहते. आत घट्ट चिकट बुळबुळीत बूच बसते, त्यामुळे खालचे जंतू वर चढायला अडचण होते.

आम्ही समजत होतो की हे तोंड नऊ महिने एकसारखे असते आणि शेवटच्या दिवशी उघडते. तसे नाही. गर्भ नसताना ते बोटाला नाकाच्या शेंड्यासारखे टणक लागते, आणि गर्भ राहिल्यावर काही आठवड्यांतच ओठासारखे मऊ लागू लागते. म्हणजे तयारी पहिल्यापासून चालू असते, पण मऊ होऊनही ते लांब आणि बंद राहते. शेवटच्या आठवड्यांत मात्र तंतूंची वीण सैल होते, पाण्याचा अंश वाढतो. सुकी वादी भिजवली की ताणता येते, तसे समजा. मग लांबी आखडत जाते, कड कागदासारखी पातळ होते आणि तोंड उघडत जाते. पूर्ण उघडले म्हणजे दहा सेंटिमीटर, जेवणातल्या मोठ्या वाटीएवढे. पहिलटकरणीत बहुधा आधी पातळ होते, मग उघडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबर चालते.

काही स्त्रियांत हीच क्रिया फार आधी, चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू होते, आणि तीही गुपचूप. कळा येतातच असे नाही. आपल्या भगिनीचे बहुधा तेच झाले.

यावरचा जो उपाय आज जगभर करतात, तो आपल्या माणसाने दिला. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म १८९९, मूळ गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा मूल जाणाऱ्या स्त्रियांत पिशवीचे तोंडच कमकुवत असते हे ओळखून त्यांनी तोंडाभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया १९५५ साली प्रसिद्ध केली. बांधायला त्यांनी त्या स्त्रीच्याच मांडीतील चिवट पट्टी वापरली. पुढे १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मॅकडोनल्ड यांनी सोपा टाका सांगितला. शिरोडकरांचे नाव मात्र अजून टाक्याला आहे. आमच्या घरात बाया म्हणतात, तिला टाका घातलाय. तो टाका कोणाचा, हे आम्हांला चार रविवारांपूर्वी ठाऊक नव्हते.

टाका सगळ्यांना लागत नाही. आधी असे मूल गेले असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घालतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास आतून केलेल्या सोनोग्राफीत तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी दिसली तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉन औषध देतात, किंवा टाक्याचा विचार करतात. आणि एक गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. नुसते महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिल्याने तोंड उघडायचे थांबते असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा सासूबाईंनी सुनेला खाटेला बांधू नये. तपासणीला न्यावे.

नवव्या महिन्यात उलटा घोळ होतो. आपला साथी बायकोला इस्पितळात नेतो, तिथे सांगतात, दोनच बोटे उघडलेय, घरी जा. साथी चिडतो आणि आम्हांला फोन करतो, साहेब, हाकलून दिले! प्रत्येक वेळी ते हाकलणे नसते. पहिल्या पाच सेंटिमीटरपर्यंतचा काळ फार संथ असू शकतो. तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असा जो जुना हिशेब होता, तो सगळ्यांना लावू नका असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. तोंड कच्चे असताना घाई केली तर बाईचेच हाल. पण पाणी गेले, रक्त गेले, पोटातली हालचाल कमी झाली, तर कोणी काही म्हणो, परत न्या. बूच सुटून थोडा चिकट लालसर स्राव शेवटच्या दिवसांत दिसणे वेगळे, आणि भळभळ रक्त वेगळे.

आता आमच्या कामाचे. कंत्राटी भगिनींसाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा होता, त्याची कलमे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली आहेत. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यांतले जास्तीत जास्त आठ प्रसूतीपूर्वी. कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम न देण्याचेही कलम आहे. पण नीट वाचा. ते तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागच्या एका महिन्यापासून लागू होते, तेही बाईने मागितले तर. म्हणजे आठव्या महिन्याच्या आसपास. पाचव्या महिन्यात, जेव्हा आपल्या भगिनीला गरज होती, तेव्हा हे कलम गप्प आहे. तिथे डॉक्टरचा दाखला हाच आधार. गर्भारपणातल्या आजारासाठी एक महिन्याची जादा रजा मिळते, ती मागा. कायम नोकरीतल्या भगिनींना १८० दिवस आहेत. मूल गेल्यास ४५ दिवस, पण तेही सगळ्या नोकरीत मिळून. हा हिशेब बदलावा ही मागणी आम्ही वर पाठवतो आहोत.

ती भगिनी आज सभेला आली आहे, तिची परवानगी घेऊनच बोललो. दुसऱ्या खेपेला ती आमच्याकडे आली नाही, थेट सिस्टरकडे गेली. चौदाव्या आठवड्यात टाका पडला. दाखला आम्ही स्वतः नेऊन दिला, तिला रुळावरून काढून कार्यालयात बसवले. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला, बारा दिवसांनी मुलगी झाली. मागच्या रांगेत जी रडते आहे तीच.

येत्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा सिस्टर युनियनच्या ऑफिसात बसतील. त्या वेळेत आम्ही पुरुष पदाधिकारी बाहेर व्हरांड्यात थांबू. नवऱ्यांना आत जायला हरकत नाही, उलट त्यांनी जावेच. येताना तपासणीचे कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद आणावेत.