कॅमेऱ्याची साक्ष कोणासाठी?



चौकाचौकांत कॅमेरे बसत आहेत आणि आता त्यांना संगणकाची बुद्धीही जोडली जात आहे. गर्दीतून चेहरा ओळखणे, वाहनाचा क्रमांक टिपणे ही कामे यंत्रच करते. त्याने चोर सापडतात, हे मी नाकारीत नाही. परंतु यंत्र चुकते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे 2020 साली यंत्राने चेहरा चुकीचा जुळविल्यामुळे रॉबर्ट विल्यम्स या निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थास अटक झाली. संशयाचे बोट प्रथम कोणाकडे वळते, हे आपणांस सांगावयास नको.

येथे परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढील धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. म्हणून मला रस्त्यावरील कॅमेऱ्याहून ठाण्यातील कॅमेरा अधिक अगत्याचा वाटतो.

परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी आज्ञा दिली की, प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रवेशद्वारापासून कोठडीपर्यंत, अंधारातही दिसेल व आवाजही टिपेल असे कॅमेरे असावेत. चित्रण 18 महिने, निदान 1 वर्ष तरी जपावे. कोठडीत गंभीर इजा वा मृत्यू झाल्यास मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते व आयोग ते चित्रण मागवू शकतो.

तेव्हा घरातील कोणास ठाण्यात नेल्यास तारीख व वेळ लिहून ठेवा. चित्रण राखून ठेवावे असा लेखी अर्ज त्वरित द्या आणि पोच घ्या. पोच नाकारल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पावती जपून ठेवा.