डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या प्रसंगी आम्ही दरवर्षी आपणांसमोर जमाखर्च मांडतो. तो यंदाही अहवालाच्या पुढील पानांवर आहेच. आज मात्र अध्यक्ष महोदयांच्या अनुमतीने एका आजाराविषयी चार शब्द बोलणार आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रातले जे थोडे कळते ते आमच्या कान-नाक-घसा विभागातील डॉक्टरांनी समजावून दिलेले. तरीही बोलण्याचे धाडस करतो, कारण हा आजार टाळण्याचे बरेचसे काम नोंदींत, खरेदीत आणि छापील कागदांत असते, आणि ते आमच्याच टेबलावर येते.

नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांच्या आणि कपाळाच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना आपण सायनस म्हणतो. शेणखत, कुजका पालापाचोळा, ओली माती, शिळी भाकरी यांवर वाढणाऱ्या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेतून आपणा सर्वांच्या नाकांत रोज जातात. निरोगी शरीर त्यांचा परस्पर निकाल लावते. काहींच्या सायनसमध्ये बुरशीचा गोळा साठतो, काहींना तिची ॲलर्जी होते. हे प्रकार त्रासाचे असले तरी बहुधा जिवावर बेतत नाहीत. परंतु ज्याची रक्तातील साखर दीर्घकाळ अनियंत्रित आहे, ज्याची प्रतिकारशक्ती स्टिरॉइडसारख्या औषधांनी मंदावलेली आहे, अशाच्या शरीरात म्युकर जातीच्या बुरशीला मोकळे रान मिळते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्तप्रवाह थांबवते आणि पुढचा भाग मृत होऊन काळा पडतो. ‘काळी बुरशी’ हे नाव त्या मृत भागावरून पडले. बुरशी स्वतः काळी नसते. नाकातून टाळूकडे, डोळ्याकडे आणि मेंदूकडे ती काही दिवसांत पोहोचू शकते.

हा आजार कोविडने आणलेला नव्हे. त्यापूर्वीही भारतात तो इतर देशांच्या मानाने अधिक आढळे, आणि बहुतेकांच्या बाबतीत मुळाशी मधुमेह असे. २०२१ च्या उन्हाळ्यात मात्र त्याने उग्र रूप धारण केले. मे महिन्यात केंद्र शासनाने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य म्हणून जाहीर करण्यास सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची आणि ४ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली होती. सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत आपला महाराष्ट्र होता.

त्या दिवसांतली एक हकीकत सांगतो. गुळाच्या पेढीवर दिवाणजी असलेले एक गृहस्थ कोविडमधून बरे होऊन आमच्या रुग्णालयातून घरी गेले. सोबत स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. आठवडाभराने त्यांची वरची दाढ दुखू लागली आणि डावा गाल बधिर झाला. घरच्यांना वाटले, दाताचेच दुखणे. दाढ काढूनही झाली. पुन्हा आमच्याकडे आले तेव्हा डावी पापणी मिटलेली होती आणि साखर चारशेच्या वर होती. आपल्याला मधुमेह आहे, हे त्यांना तोपर्यंत ठाऊक नव्हते. मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन जीव वाचला. डावा डोळा आणि अर्धी टाळू गेली.

त्यांचे डिस्चार्ज कार्ड आम्ही नंतर पुन्हा काढून पाहिले. त्यावर अनामत रकमेच्या परताव्याची ओळ होती, बिलाचा क्रमांक होता, औषधांची यादी होती. ‘घरी गेल्यावर साखर तपासा’ हे शब्द कुठेही नव्हते. तो नमुना आम्हीच तयार करून छापून घेतला होता. त्या धांदलीत साखर तपासण्याच्या पट्ट्यांची मागणीही आम्ही काटकसरीपोटी एकदा कमी केली होती. सभेसमोर हे सांगताना संकोच होतो, पण अहवालात केवळ देणग्यांचे आकडे द्यावेत आणि हे झाकावे, असे मनाला पटत नाही.

स्टिरॉइडला दोष देण्याचा हेतू नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले होते की, प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे जीव या औषधाने वाचतात. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना लाभ दिसला नव्हता, आणि चाचणीतला काळ जास्तीत जास्त दहा दिवसांचा होता. आपल्याकडे अनेक ठिकाणी ते घरीच, अधिक मात्रेत, अधिक दिवस आणि साखर न मोजता घेतले गेले.

आता थोडा हिशेब. तो आमचा प्रांत. या आजारावरील मुख्य औषध म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णास ३०० मिलिग्रॅम. ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या रोज. चार आठवड्यांना १६८. एका कुपीची किंमत पाच हजार रुपये धरली तरी केवळ औषधाचे आठ लाख चाळीस हजार होतात. शस्त्रक्रिया, मूत्रपिंडावर लक्ष ठेवण्यासाठी रक्ततपासण्या आणि नंतरच्या गोळ्या वेगळ्या. १२ जून २०२१ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील ५ टक्के कर शून्यावर आणला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही या उपचाराचा समावेश झाला. पण कुप्याच मिळत नव्हत्या तेव्हा सवलतीचा उपयोग किती? हातात चिठ्ठी घेऊन आमच्या खिडकीशी उभे राहिलेले नातेवाईक आम्ही विसरलेलो नाही. साखर तपासण्याची एक पट्टी दोन-तीन चहांच्या किमतीत येते.

त्यानंतर आम्ही कार्ड बदलले. स्टिरॉइड लिहून दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर आता घरी साखर कोणत्या दिवशी तपासायची त्या तारखा असतात, आणि परिचारिका त्या वाचून दाखवून नातेवाइकांची सही घेते. पट्ट्यांच्या मागणीला आता लेखाविभाग कात्री लावू शकत नाही. प्राणवायूच्या आर्द्रता-बाटलीत फक्त निर्जंतुक पाणी भरावे आणि ते रोज बदलावे, याची नोंदवहीही प्रत्येक कक्षात ठेवली आहे.

रुग्णांच्या आप्तेष्टांना विनंती अशी. मधुमेही किंवा स्टिरॉइड घेत असलेल्या माणसाचा एकाच बाजूचा गाल दुखला, सुजला वा बधिर झाला, नाकातून काळसर किंवा रक्ताळलेला स्राव आला, वरचे दात हलू लागले, टाळूवर काळा डाग दिसला, पापणी खाली आली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर उद्याची वाट पाहू नये. दुर्बिणीने नाक तपासून तुकडा प्रयोगशाळेत पाठवला की निदान लवकर होते. कमी दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर डोळा वाचण्याची आशा अधिक. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, तेव्हा रुग्णाला दूर लोटण्याचे कारण नाही. कांद्याच्या सालीवरील काळ्या बुरशीने तो होतो अशी आवई त्या वर्षी उठली होती; ती बुरशी निराळी. शेणखत उपसताना किंवा गोठा झाडताना मात्र अशा व्यक्तींनी नाकातोंडाला मुखपट्टी बांधावी, आणि शक्य असेल तर ते काम दुसऱ्या कुणाकडे द्यावे.

दिवाणजी आता पेढीवर पुन्हा बसतात. दातांच्या डॉक्टरांनी टाळूला कृत्रिम पट्टी बसवून दिली आहे, तिच्यामुळे जेवता आणि बोलता येते. कार्डाच्या नव्या नमुन्याचे पहिले वाचन आम्ही त्यांच्याकडूनच करून घेतले. तारखांची अक्षरे बारीक आहेत, म्हाताऱ्या माणसांना दिसणार नाहीत, असे ते म्हणाले. अक्षरे मोठी केली. बाहेरच्या टेबलावर नमुने ठेवले आहेत; विश्वस्तांनी व देणगीदारांनी जाताना एकेक घेऊन जावा आणि काही सुचल्यास कार्यालयात कळवावे.