मुशीचा पूर आणि चौऱ्याऐंशी गावे



मी साहित्याचा विद्यार्थी. गुरुजींच्या स्मृतिदिनी पर्यावरणरक्षणाच्या इतिहासावर मी बोलावे, हे काहीसे धाडसच. परंतु हैदराबादेत या विषयाचा आरंभ एका कवीच्या शोकापासून करता येतो. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुशीच्या महापुरात उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि कन्या वाहून गेल्या. त्याच पुरात एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील ते झाड आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

निजाम सरकारने पाचारण केले ते विश्वेश्वरय्यांना. पुण्यात शिकलेले आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे अभियंते. शहराच्या वरच्या अंगालाच पाणी अडवा, असे त्यांनी सुचविले. त्यातून १९२० मध्ये उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि १९२७ मध्ये हिमायतसागर ही धरणे उभी राहिली.

धरण डोळ्यांना दिसते, पाणलोट दिसत नाही. तो राखण्यासाठी ८ मार्च १९९६ रोजी १११ क्रमांकाचा शासकीय आदेश निघाला. तलावांभोवतीच्या दहा किलोमीटरांतील ८४ गावांत प्रदूषणकारी कारखाने, मोठी हॉटेले व निवासी वसाहती यांना मज्जाव झाला. तेथील एका तेलकारखान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याचा भार कारखानदारावरच आहे, असे न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले, आणि २००० मध्ये कारखान्याला मिळालेली सवलत रद्द केली. या इतिहासातील हा क्षण मला सर्वांत मोठा वाटतो. एरवी पुरावे गोळा करीत हिंडावे लागते ते तक्रारदाराला!

एप्रिल २०२२ मध्ये तेलंगण सरकारने ही बंधने उठविण्याचा आदेश काढला. शहराची या तलावांवर आता भिस्त नाही, असे कारण दिले गेले. हे तलाव केवळ पिण्यासाठी बांधलेले नव्हते, याचा मात्र विसर पडला.

तथापि, पाव शतक आपल्या जमिनीचा भाव गोठलेला पाहणारा तेथील शेतकरी १११ क्रमांकावर रागावला, तर त्याला दोष कसा द्यावा? निर्बंध त्याने सोसले. मी गंडीपेटचे पाणी पिऊन या वयाला पोचलो, आणि त्या ८४ गावांपैकी चारांची नावेही मला परवापर्यंत सांगता आली नसती.