पालकाचा व्यवसाय
(दहावी 1997 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिलेली आहेत. मी मास्तर आहे, तेव्हा पाचाची दहा होणार हे आधीच सांगून ठेवतो. सकाळपासून आपण बाकावरच्या खोड्या, छड्या, स्नेहसंमेलनातली फजिती हे सगळं आठवून हसलो. मी मात्र एका निबंधाबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक चोरी आहे. ती कबूल करायला तीस वर्षांत ह्यापेक्षा बरी जागा मिळाली नाही.

जून 1994. आदल्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झालेला, आपल्याकडच्या भिंतींनाही हादरा बसलेला, त्यामुळे त्या पावसाळ्यात घराघरात चिरांची काळजी होती. आपण आठवीत आलो होतो. वर्गात एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक रकाना होता, ‘पालकाचा व्यवसाय’. मी लिहिलं, शेती. खोटं नव्हतं, दोन एकर कोरडवाहू माळ होता. पण दिवाळी झाली की बाप आणि माय बैल, गाडी, भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला निघत आणि चैत्र-वैशाखात परत येत. ते मी लिहिलं नाही.

मराठीच्या गुरुजींनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, “अरे, सगळाच वर्ग शेतकऱ्यांचा? मग दिवाळीनंतर अर्धं गाव कुठं जातं? गंगाखेडच्या आडतीवर पोती कोण उचलतं? परळीच्या थर्मलला डबा घेऊन कोण जातं?” कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिले. घरातलं माणूस पहाटे किती वाजता उठतं? हातात कोणतं हत्यार असतं? काम कोण सांगतं? पैसे कशावर मोजतात? आणि शेवटचा, कुठं दुखतं? पंधरा दिवसांत विचारून लिहून आणायचं.

आज नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा आणि गावातल्या कारागिरांकडं शिकणं, असं छापून आलं आहे. आमच्याकडं त्याची परिपत्रकं येतात, फोटो मागतात. गुरुजींनी ते परिपत्रकाशिवाय केलं होतं. फोटो तेवढे राहिले.

मी पहिल्यांदा आजीला विचारलं, कारण ती बोलकी. तिनं 1972 च्या दुष्काळाचं सांगितलं. रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडायची, मजुरी मापावर, ढीग भरला तर पैसे. खायला मिलो आणि सुकडी. खडीचे कण डोळ्यात जात. रोजगार हमीचा कायदा 1977 चा, पण आजीच्या हातावरचे घट्टे त्याच्या आधीचे. हे लिहून दिलं असतं तरी भागलं असतं. पण गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “आणि वडील?”

रात्री बापाजवळ वही घेऊन बसलो. तो म्हणाला, “त्याच्यात काय लिव्हायचं? ऊस तोडायचा, गाडीत भरायचा, कारखान्यावर न्यायचा.” संपलं. तीन ओळी. माय चुलीपाशी, तिला तर मी विचारलंच नाही. तेव्हा माझी बहीण, नऊ वर्षांची, दाण्यातले खडे वेचता वेचता म्हणाली, “दादा, म्या सांगू का?”

इथं थोडं थांबतो. मी आजीजवळ राहून शाळा शिकत होतो. ती दुसरीनंतर मायबापाबरोबर जायला लागली, धाकट्याला सांभाळायला. म्हणजे एकाच घरात मला पुस्तक माहीत होतं आणि काम माहीत नव्हतं. तिला काम माहीत होतं आणि पुस्तक सुटलं होतं. अमेरिकेत 1993 सालीच मुलींना एक दिवस आईवडिलांच्या कामावर नेण्याचा उपक्रम सुरू झाला, हे मी फार नंतर वाचलं. हसू आलं. आमच्या मुली दिवाळी ते पाडवा कामावरच असायच्या, त्यांना कामापासून एक दिवस शाळेत न्यायला कुणी नव्हतं.

ती बोलत गेली आणि मी लिहीत गेलो. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेबात दोघांचं एकच नाव. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती टनावर फेडायची. पहाटे तीनला माय भाकरी थापून घेते, चारला फडात. बाप बुडातून ऊस तोडतो, माय साळून शेंडा छाटते, मोळ्या बांधते. पाचटानं हात-गाल कापतात, घाम लागला की आग होते. आमची टायरगाडी होती. भरली की बाप बैल जुंपून कारखान्याच्या काट्यावर जायचा. तिथं रांग, कधी अख्खी रात्र, बाप गाडीखालीच झोपायचा. इकडं कोपीत माय आणि दोन लेकरं. वाढ्याच्या पेंढ्या विकून रोजचं मीठ-मिरची भागायचं, आणि ते विकायचं काम बहिणीचं. धाकट्याची झोळी कुठल्या झाडाला बांधायची, मुंग्या कुठं असतात, साप कोणत्या बाजूनं निघतो, तिला सगळं ठाऊक. “कुठं दुखतं?” मी विचारलं. ती म्हणाली, “मायची मान. बापाची कंबर. माझं काय दुखत नाही, कटाळा येतो फक्त.”

मग तिनं फळीवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली. काट्यावरच्या पावत्या. बापाला वाचता येत नसे, म्हणून पावत्या सांभाळायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं. तिलाही आकड्यांपलीकडं वाचता येत नव्हतं, पण एक खेप झाली की एक पावती, हे तिनं चुकवलं नव्हतं. मी आठवीचं गणित लावून बेरीज केली. मुकादमानं सांगितलेल्या हिशेबात चार खेपा कमी होत्या. आठ-नऊ टनांचे पैसे.

बाप दुसऱ्या दिवशी माझी वही आणि ती पिशवी घेऊन मुकादमाकडं गेला. दोन खेपा त्यानं मान्य केल्या, दोन नाही केल्या. खाड्यापोटी कापल्या म्हणाला. बाप परत आला आणि वही माझ्या हातात देताना ती धोतराला पुसून दिली. आमच्या घरात लिहिलेल्या कागदाला किंमत आली ती त्या दिवशी.

तुम्हाला आठवत असेल, गुरुजींनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. आणखीही चांगले होते. एकीनं आत्याबद्दल लिहिलं होतं, कापूस वेचायला जाताना ती बोटांना चिंध्या गुंडाळते म्हणून. एकाचे वडील एसटीत कंडक्टर, त्यानं सुट्ट्या पैशांच्या कटकटीवर दोन पानं लिहून सगळ्यांना हसवलं होतं. पण पहिला नंबर माझा आला. टाळ्या झाल्या. गुरुजींनी विचारलं, “हे सगळं तू डोळ्यांनी पाहिलंस का रे?” मी म्हणालो, “हो.”

हीच ती चोरी. मी फड तोवर एकदाही पाहिला नव्हता.

गुरुजींना ते कळलं असावं. आठवड्यानं ते घरी आले, माझं कौतुक करायला म्हणून. बहिणीनं पाणी दिलं. तिच्याशी दहा मिनिटं बोलले आणि बापाला म्हणाले, “हिला यंदा नेऊ नका, म्हातारीजवळ ठेवा.” बाप म्हणाला, “ठेवतो गुरुजी. पण मग लहान्याला फडात कोण बघंल?” गुरुजी उत्तर न देता चहा पिऊन गेले. उत्तर नव्हतंच. हंगामी वसतिगृहं पुढं आली, साखरशाळा इकडं-तिकडं चालू झाल्या, पण आमच्या घरापर्यंत त्या वर्षी काही आलं नाही. दिवाळीनंतर ती गाडीवर बसून गेली. पुढं तिचं लग्न लवकर झालं आणि तिचा स्वतःचा कोयता झाला.

आज तिची मुलगी नववीत आहे, शाळेत आहे. तोडणीचे दर वाढत गेले, 2024 च्या जानेवारीत तर एकदम 34 टक्क्यांची वाढ झाली. पण कोयता अजून दोघांचाच धरतात आणि पैसे एकाच्याच हातात पडतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींचे तेच पाच प्रश्न दरवर्षी फळ्यावर लिहितो. दोन बदल केले आहेत. एक, ज्यानं सांगितलं त्याचं नाव निबंधाखाली लिहायचं. दुसरा, आईला विचारल्याशिवाय वही तपासली जाणार नाही. पोरं पहिल्यांदा सांगतात, “आई काही करत नाही सर, घरीच असते.” दोन दिवसांनी वही आणतात तेव्हा पानं पुरत नाहीत.

ह्या मेळाव्याचं पत्र आलं तेव्हा ती जुनी वही शोधून मी बहिणीकडं गेलो. म्हटलं, निबंध तुझा आहे, ऐक तरी. तिनं पदरानं तोंड झाकून हसत सगळा ऐकला. तीन ठिकाणी ‘बरोबर’ म्हणाली. एका ठिकाणी तिनं थांबवलं. मी लिहिलं होतं, ‘माय पाचटानं मोळी बांधते.’

ती म्हणाली, “पाचट तुटतं की रे दादा. मोळी वाढ्यानं बांधतेत. हे म्या सांगितलं नव्हतं, हे तू तुझ्या मनानं लिव्हलं.”

गुरुजी, वही सोबत आणली आहे. ते वाक्य लाल शाईनं दुरुस्त केलं आहे आणि खाली तिचं नाव लिहिलं आहे. नंबर कुणाचा, ते आता तुम्ही ठरवा.