दोघांनी मिळून रचलेला बनाव



ऑफिसात एकमेकांशी धड न बोलणारी दोन माणसं काही गरजेपोटी चारचौघांत प्रेमिकांचं सोंग घेतात आणि ते वठवता वठवता खरोखरच एकमेकांची होतात. आजच्या इंग्रजी प्रेमकादंबरीत हे कथासूत्र फार लोकप्रिय आहे. ‘वेळ घालवायचं वाचन’ म्हणून ते बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. मला मात्र वाटतं, की या सूत्रात प्रेमाविषयीचा एक गंभीर विचार आहे. एकट्यानं केलेल्या फसवणुकीनं नात्यात अंतर पडतं. दोघांनी ठरवून रचलेला बनाव मात्र एकमेकांशी खरं बोलल्यावाचून एक दिवसही टिकत नाही. जगाशी खोटं बोलायचं, तर आपसात खरं बोलावंच लागतं. हे तपासण्यासाठी एकच कादंबरी पुरेशी आहे: एलेना आर्मास या स्पॅनिश लेखिकेची ‘द स्पॅनिश लव्ह डिसेप्शन’. शिक्षणानं इंजिनिअर असलेल्या आर्मास यांनी ती इंग्रजीत लिहिली आणि २०२१ साली स्वतःच प्रकाशित केली. टिकटॉकवरच्या वाचकांनी ती हातोहात पुढे नेली, आणि मग मोठ्या प्रकाशनसंस्थेनं ती घेतली.

कादंबरीची नायिका कातालीना मार्तिन, म्हणजे लीना, न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. स्पेनमध्ये तिच्या बहिणीचं लग्न ठरलंय आणि नवऱ्यामुलाचा भाऊ आहे दानिएल, लीनाचा पूर्वीचा प्रियकर. त्याचंही लग्न ठरल्याचं कळतं, तेव्हा लीना घरच्यांना सांगून बसते, की माझाही एक अमेरिकन मित्र आहे आणि तो लग्नाला येणार आहे. असा कुणी नसतोच. त्या जागी उभं राहायला पुढे येतो तो ॲरन ब्लॅकफर्ड, ऑफिसातला तिचा सर्वांत नावडता सहकारी. तो नवीन आला तेव्हा लीनानं त्याला स्वागताची भेट दिली होती. त्याचा प्रतिसाद थंड होता आणि पुढे, हिच्याबरोबर काम करायला नको, असं तो साहेबांना सांगताना तिच्या कानी पडलं होतं. हे वैर केवळ मानापमानाचं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. दानिएल हा विद्यापीठात लीनाचा शिक्षक होता. ते नातं उघड झाल्यावर तिच्या मेहनतीच्या गुणांवर लोकांनी संशय घेतला होता. पुरुषांच्या क्षेत्रात काम करणारी ही मुलगी आपल्या कामाच्या लौकिकाला डोळ्यांत तेल घालून जपते, ती त्यामुळे. सहकाऱ्याशी जवळीक हीच तिची सर्वांत मोठी भीती, आणि बनाव तिला नेमका तिथेच नेऊन उभं करतो.

आता हा बनाव दोघांकडून काय करवून घेतो ते पाहा. ऑफिसात माणसं एकमेकांना हुद्द्यातून, बैठकांतून आणि कामाच्या मुदतींतून ओळखतात. तिथे आपलं दुखणं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या हाती शस्त्र देणं. पण लग्नघरी जायचं, तर ॲरनला माहीत हवं, की घरात कोण कोण आहे, कोण काय विचारेल, आणि दानिएल समोर आला की लीनाचा चेहरा का उतरतो. म्हणजे जे तिनं ऑफिसात कटाक्षानं लपवलं, तेच त्याच्यापुढे उलगडावं लागतं. खोट्या नात्याची तयारी ही खऱ्या ओळखीची सुरुवात ठरते. शिवाय हा एकतर्फी उपकारही नाही. त्यानं स्पेनला यायचं, तिनं त्याच्याबरोबर एका धर्मादाय समारंभाला जायचं, असा सौदा आहे. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

जुन्या कलाकृतींशी ताडून पाहिलं की यातलं वेगळेपण स्पष्ट होतं. मिक्लोश लास्लो यांच्या हंगेरियन नाटकावरून एर्न्स्ट लुबिच यांनी १९४० साली ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ हा चित्रपट केला. बुडापेस्टच्या एका दुकानातले दोन नोकर समोरासमोर भांडतात आणि नावं न कळवता एकमेकांना प्रेमपत्रं लिहितात. पण हे रहस्य आधी त्याला कळतं, आणि तिला ते शेवटी. आपल्या मराठी रंगभूमीवर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’मध्ये, १९११ साली, उलट घडलं. धैर्यधराला झिडकारणारी भामिनी वनमाला होऊन त्याच्या छावणीत जाते. वेष तिला ठाऊक, त्याला नाही. दोन्हीकडे एक जाणतो आणि दुसरा फसतो. आजच्या कादंबरीत दोघंही खोट्याच्या एकाच बाजूला उभे आहेत. नायिका स्वतः कमावती, आपल्या कामात निष्णात आणि बनावाची भागीदार आहे. स्त्रीचं नोकरीतलं स्थान बदललं, तसा प्रेमकथेतल्या कपटाचा घाटही बदलला, असं मी मानतो.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा, की तुसडेपणा म्हणजे लपलेलं प्रेम, ही शिकवण घातक आहे. नकारात होकार शोधणाऱ्या चित्रपटांनी आपल्या समाजाचं केलेलं नुकसान पाहता हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१३ साली कायदा आला, तो उगाच नव्हे. म्हणून कसोटी नेमकी हवी: प्रत्येक पायरीवर नायिकेला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि ते मानलं जातं का? ॲरनचा प्रस्ताव लीना आधी धुडकावते, मग स्वतःच्या गरजेनं स्वीकारते. निर्णय तिचा राहतो. पुढे ॲरनला बढती मिळून तो तिचा वरिष्ठ होणार, हे पुढ्यात येतं, तेव्हा तिची जुनी भीती कादंबरी पुन्हा समोर आणते. सत्तेचा प्रश्न ती टाळत नाही, एवढं श्रेय तिला द्यावं लागेल.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. ॲरन आधीपासूनच तिच्याकडे ओढला गेलेला असतो. तिच्याबरोबर काम नको म्हणण्याचं कारणही तेच निघतं. मग बनाव दोघांचा कसा? ती सोंग करत होती आणि तो सोंगाच्या आडून आपलं खरं जगत होता. हा या कादंबरीचा दोष आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. सगळी कथा लीनाच्या तोंडून येत असल्यामुळे वाचकालाही ते उशिरा उमगतं आणि आनंद होतो. पण जे समान भांडवल कथेनं उभं केलं, त्यातला वाटा त्यामुळे एका बाजूला अधिक जातो. मात्र या दोषानं माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. ॲरन हे शेवटचं गुपित उघड करतो, तेव्हाच दोघं पुन्हा बरोबरीला येतात.

तिसरा आक्षेप नीतीचा: आईवडिलांना फसवणाऱ्यांना सुखाचं बक्षीस का? फसवणूक ती फसवणूकच, आणि तिची किंमत जीव लावणारे घरचे मोजतात. पण लीनाला खोटं बोलायला लावलं कुणी? पूर्वीचा प्रियकर जोडीनं येणार आणि आपण एकटं जायचं, मग सगळ्यांच्या नजरेतली कीव झेलायची, या धास्तीनं. लग्नाच्या मांडवात ‘मग तुझं कधी?’ हा प्रश्न ऐकलेल्या कुठल्याही मराठी मुलीला ही धास्ती समजावून सांगावी लागणार नाही. त्या खोट्याची थोडी जबाबदारी विचारणाऱ्यांवरही येते.

शेवट आधीच कळतो, ही तक्रारही नेहमीची. पण शेवट ठाऊक असूनही ‘मानापमान’ला रसिक पुन्हा पुन्हा गेले, कारण तिथे पाहायचं असतं ते मन कसं वळतं हे. म्हणून अशा कादंबऱ्यांचं मोल ठरवताना नवेपणा मोजत बसू नये. बनावाबद्दल कुणाला किती ठाऊक आहे, आणि ते ज्ञान दोघांत वाटलं जातं का, हे विचारावं. जिथे वाटलं जातं, तिथे ती कादंबरी प्रेमाबद्दल खरं काही सांगते. जिथे एकजण अखेरपर्यंत अंधारात राहतो, तिथे शेवट कितीही गोड असला तरी ते प्रेम मी मान्य करणार नाही.